जुन्या मोटारगाडीच्या खरेदीतील फसवणूक

जुन्या मोटारगाडीच्या खरेदीतील फसवणूक म्हणजे वापरलेली चारचाकी विकताना तिचे वय, चाललेले किलोमीटर, झालेले अपघात, मालकी किंवा तिच्यावरील कर्ज यांविषयीची खरी माहिती दडवून ग्राहकाकडून जास्त किंमत घेणे, अथवा विक्रीचा अधिकार नसताना गाडी विकणे होय. हा प्रकार जगभर आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचे वर्णन प्रामुख्याने वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे. अमरावती व अकोला येथे परिवहन कार्यालये असून तेथे नोंदलेल्या वाहनांचे क्रमांक अनुक्रमे एमएच २७ व एमएच ३० असे सुरू होतात. इंजिनातील दोष लपवणे हा या फसवणुकीचा सर्वांत परिचित प्रकार आहे. ग्राहकाचे मोठे नुकसान मात्र बहुधा कागदपत्रांतून होते. बिघडलेले इंजिन खर्च करून दुरुस्त होते. विक्रेत्याच्या मालकीचीच नसलेली गाडी जप्त झाली, तर दिलेली सर्व रक्कम बुडते.

बाजाराचे स्वरूप

विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, या विषमतेचा बाजारावर काय परिणाम होतो याचे विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात केले. त्यासाठी त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नसल्याने तो दोन्हींसाठी मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक ती विकण्यास तयार होत नाही, आणि बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. याच निबंधात बाजारातून आणलेल्या तांदळातले मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणाऱ्या भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे. या क्षेत्रातील कार्यासाठी अकरलॉफ यांना २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आल्यानंतर मध्यमवर्गात मोटारगाडीचा प्रसार झाला आणि त्यामागोमाग जुन्या गाड्यांचा व्यापारही वाढला. २००१ पासून मारुतीसारख्या उत्पादक कंपन्यांनी जुन्या गाड्यांची स्वतःची दालने काढली, पुढे संकेतस्थळांवरून विक्री सुरू झाली. तरीही जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांत बराचसा व्यवहार अजून ओळखीतून, गॅरेजमधून किंवा दलालामार्फत होतो.

वऱ्हाडात या व्यापाराला शेतीच्या हंगामाचीही जोड आहे. ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीन घरात येते, त्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते, आणि दसरा-दिवाळीचे मुहूर्तही याच काळात येतात. रोख पैसा हाती असलेले, पहिल्यांदाच चारचाकी घेणारे कुटुंब घाईत असते. ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी बयाणा घेऊन येत आहे’ असे सांगून ही घाई वाढवली जाते. गाडी ‘डॉक्टरची आहे’, ‘एकाच हाताने चाललेली आहे’, ‘शोरूम मेंटेन आहे’ ही वाक्येही ठरलेली असतात. त्यांतले प्रत्येक विधान खरे असू शकते. मात्र नोंदणी पुस्तिका आणि सर्व्हिसिंगची बिले दाखवल्याशिवाय त्याला काही किंमत नाही. ग्राहकाने सोबत नेलेला मेकॅनिक विक्रेत्याच्या ओळखीचा असेल, तर व्यवहार जुळल्यावर त्यालाही कमिशन मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे तपासणीची मजुरी ठरवून, आधीच देऊन, त्या विक्रेत्याशी संबंध नसलेल्या कारागिराकडून गाडी पाहून घेणे अधिक सुरक्षित मानले जाते.

नावावर न झालेली गाडी

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार वाहन विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवणे आवश्यक आहे. वाहन दुसऱ्या राज्यात जाणार असल्यास विकणाऱ्यासाठी ही मुदत ४५ दिवसांची आहे. यासाठी नमुना २९ व नमुना ३० वापरले जातात. व्यवहारात त्यांना ‘टी.टी. फॉर्म’ म्हणतात.

फसवणुकीचे एक मोठे दार याच फॉर्ममधून उघडते. गाडी विकणारा मालक घेणाऱ्याचे नाव व तारीख कोरी ठेवून फॉर्मवर सह्या करतो आणि गाडी दलालाच्या हवाली करतो. दलाल ती पुढच्याला, तो आणखी पुढच्याला विकतो. सह्या केलेले कोरे फॉर्म गाडीबरोबर फिरत राहतात आणि परिवहन कार्यालयाच्या दप्तरी नाव पहिल्याचेच राहते. यामागे व्यापाराचे हिशेब आहेत. नाव बदलण्याचा खर्च व वेळ वाचतो, ‘फर्स्ट ओनर’ म्हणून गाडीला जास्त भाव मिळतो, आणि मधल्या व्यापाऱ्याची खरेदी-विक्री कोठेच नोंदली जात नसल्याने त्याला नफ्यावरील वस्तू व सेवा करही टाळता येतो. (नोंदणीकृत विक्रेत्यांना जुन्या गाडीवरील हा कर खरेदी व विक्री किमतीतील फरकावरच भरावा लागतो, जानेवारी २०२५ पासून त्याचा दर १८ टक्के आहे.)

या पद्धतीत शेवटच्या ग्राहकाच्या हाती गाडी आणि किल्ली येते, मालकी मात्र नोंदली जात नाही. काही महिन्यांनी तो नाव लावण्यास जातो तेव्हा फॉर्मवरील सही जुळत नाही, मूळ मालक सापडत नाही, किंवा त्याचे निधन झालेले असते. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी प्रथम वारसाच्या नावे व्हावी लागते आणि त्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. वडिलांच्या नावावरची गाडी त्यांच्या पश्चात मुलाने त्यांचीच सही करून विकणे हा व्यवहार भाऊबंदांत सहज खपून जातो, पण ती बनावट सही ठरते आणि दुसऱ्या वारसाने हरकत घेतल्यास ग्राहक अडकतो.

अशा व्यवहारात पहिला मालकही सुरक्षित राहत नाही. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात नोंदणीकृत मालकाने आपली गाडी २००७ मध्येच विकल्याचे सांगितले होते. ती पुढे अनेकांच्या हाती गेली आणि २००९ मध्ये तिच्यामुळे अपघात झाला. दप्तरी नाव मात्र पहिल्याचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या निकालात, अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असून नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच राहते, असे स्पष्ट केले. अपघातग्रस्ताला भरपाईसाठी एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे हेलपाटे घालावे लागू नयेत, ही भूमिका या निर्णयामागे होती. विक्रीचा करार स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केला की काम झाले, हा समज या निकालाने निराधार ठरवला. असा करार व्यवहाराचा पुरावा म्हणून उपयोगी असतो. नोंदणीतील नाव त्याने बदलत नाही.

या दोषावर उपाय म्हणून केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत परवान्याची पद्धत आणली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मालकाने गाडी अशा विक्रेत्याकडे सोपवल्याची सूचना नमुना २९सी द्वारे ऑनलाइन दिली, की त्या दिवसापासून तो विक्रेता गाडीचा मानीव मालक ठरतो आणि गाडी विकली जाईपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर येते. विक्रेत्याकडील गाडी चाचणी, दुरुस्ती, प्रदर्शन अशा मोजक्या कारणांखेरीज रस्त्यावर चालवता येत नाही आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. त्यामुळे दलालाकडून गाडी घेताना त्याच्याकडे नमुना २९बी मधील अधिकारपत्र आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ काही कळते.

विम्याचाही येथे संबंध येतो. कलम १५७ नुसार गाडी हस्तांतरित झाल्यावर तृतीय पक्षाचे विमा संरक्षण नव्या मालकाकडे जाते, मात्र विमापत्रावर नाव बदलून घेण्यासाठी त्याने १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. तो न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

सावध ग्राहक म्हणून ठरलेल्या किमतीतील काही रक्कम नाव लागेपर्यंत हातात राखून ठेवतात आणि उरलेली बँकेमार्फत, नोंदणीकृत मालकाच्याच खात्यात भरतात. मालकाला प्रत्यक्ष भेटण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवणे इष्ट ठरते.

कर्ज, चोरी आणि क्रमांक

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या नोंदणी पुस्तिकेवर वित्तसंस्थेचा बोजा चढवलेला असतो. कलम ५१ प्रमाणे त्या संस्थेच्या लेखी संमतीविना मालकी हस्तांतरित होत नाही. ‘हप्ते संपले आहेत, एनओसी येणार आहे’ असे सांगून गाडी विकली जाते आणि थकलेल्या हप्त्यांसाठी वसुलीवाले नव्या घरापुढून गाडी उचलून नेतात. बनावट ना-हरकत पत्रे तयार करण्याचेही प्रकार होतात. म्हणून हे पत्र ज्या शाखेने दिले तेथे जाऊन खात्री करणे आणि नमुना ३५ द्वारे दप्तरातील बोजा प्रत्यक्ष उतरल्यावरच पूर्ण रक्कम देणे आवश्यक असते. कोणी ‘उरलेले हप्ते तुम्ही भरत राहा’ या बोलीवर गाडी देऊ करतो. हप्ते एक भरतो आणि मालक दुसराच राहतो, असा हा व्यवहार असून वित्तसंस्थेला तो मान्य नसतो.

चोरीच्या गाडीला नवी ओळख देण्याची एक रूढ रीत अपघातात पूर्ण निकामी झालेल्या गाड्यांवर आधारलेली आहे. विमा कंपनीने संपूर्ण नुकसान मान्य केल्यावर उरलेला सांगाडा भंगारात विकला जातो. वास्तविक कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे वापराबाहेर गेल्यास मालकाने १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. ती रद्द झालेली नसली, तर सांगाड्याबरोबर खरी पुस्तिकाही मिळते. त्याच बनावटीची व रंगाची चोरीची गाडी मिळवून तिच्यावर सांगाड्याचा चेसिस क्रमांक ठोकला जातो. कागद अस्सल आणि गाडी चोरीची, अशी ही जोडी असल्याने केवळ पुस्तिका पाहून काही उमगत नाही.

यासाठी चेसिसवर कोरलेला १७ अंकाक्षरांचा क्रमांक स्वतः वाचणे महत्त्वाचे ठरते. मूळ क्रमांकाची अक्षरे एकसारख्या खोलीची व सरळ ओळीत असतात. भोवतालचा पत्रा घासलेला, नव्याने रंगवलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसल्यास संशय घ्यावा. काचांवर उत्पादन वर्षाची खूण असते आणि सीटबेल्टच्या पट्टीवर अनेकदा तारखेची चिठ्ठी शिवलेली असते. ही वर्षे पुस्तिकेतील वर्षाशी साधारण जुळायला हवीत. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन या ॲपवर नोंदणीचा दिनांक, इंधन, विम्याची मुदत आणि बोजा ही माहिती मिळते. चोरीस गेलेल्या वाहनांची पडताळणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेद्वारे करता येते.

मीटर

चाललेले किलोमीटर कमी दाखवण्याला ‘मीटर मागे घेणे’ म्हणतात. जुन्या गाड्यांत त्यासाठी आकड्यांची चाके हाताने फिरवावी लागत. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये हा आकडा एका स्मृतीचिपमध्ये साठवलेला असतो आणि संगणकीय उपकरण जोडून तो काही मिनिटांत बदलता येतो. मीटर डिजिटल आहे म्हणजे त्यात ढवळाढवळ अशक्य, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. अमेरिकेत १९७२ पासून या कृत्याविरुद्ध केंद्रीय कायदा आहे. भारतात मोटार वाहन अधिनियमात त्यासाठी वेगळे कलम नसून फसवणुकीच्या सर्वसाधारण तरतुदी लावाव्या लागतात.

मीटरचा आकडा पडताळण्याचे सर्वांत सोपे साधन अंकगणित हे आहे. अकोला ते अमरावती जाणे-येणे सुमारे २०० किलोमीटरचे होते. आठवड्यातून एकदा ही फेरी करणारी गाडी वर्षात केवळ त्या एका रस्त्यावर १०,००० किलोमीटरांहून अधिक चालते. नोकरीनिमित्त अशी ये-जा करणाऱ्या मालकाची नऊ वर्षांची गाडी ३८,००० किलोमीटर दाखवत असेल, तर ती दिवसाला सरासरी १२ किलोमीटरही चालली नाही असा अर्थ होतो. मालकाचा व्यवसाय, राहण्याचे गाव आणि कामाचे ठिकाण यांची सहज चौकशी केल्यास असा विसंवाद लक्षात येतो.

क्लच व ब्रेकच्या पायपट्ट्यांचे रबर, स्टीअरिंगवरील गुळगुळीत झालेली पकड, चालकाच्या आसनाची दबलेली कड या खुणा मीटरपेक्षा विश्वसनीय समजल्या जातात. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१६ ची, मीटर २०,००० चे आणि चारही टायर २०१९ चे, ही गोष्ट स्पष्टीकरण मागते. अधिकृत कार्यशाळेत गाडीचा क्रमांक सांगितल्यास मागील सर्व्हिसिंगच्या वेळचे किलोमीटर कळू शकतात, आणि त्यांतला एखादा जुना आकडा आजच्या आकड्यापेक्षा मोठा निघाल्यास आणखी पुराव्याची गरज उरत नाही.

वऱ्हाडात धावलेल्या गाडीबाबत एक स्थानिक बाबही विचारात घेतली जाते. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग कित्येक वर्षे खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या ७५ किलोमीटरच्या टप्प्यावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनेस विक्रम नोंदवला गेला. त्याआधी या रस्त्यावर नित्य चाललेल्या गाडीचे सस्पेन्शन, बुश आणि शॉकॲबसॉर्बर मीटरवरील आकडा सांगतो त्याहून अधिक झिजलेले असू शकतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या प्रदेशात रबरी नळ्या, रेडिएटर आणि वातानुकूलन यंत्रणा यांची चाचणी भर दुपारी घ्यावी. सकाळच्या गारव्यात घेतलेली फेरी फारसे काही सांगत नाही. खारपाणपट्ट्यात कूलंटऐवजी बोअरचे पाणी वापरले गेले असल्यास रेडिएटरमध्ये क्षार साचलेले आढळतात.

काळी-पिवळी किंवा टॅक्सी म्हणून चाललेली गाडी पुढे खाजगी पासिंग करून विकली जाते. तसे करणे कायदेशीर आहे, पण ती माहिती दडवणे ही फसवणूक होय. पुस्तिकेतील वाहनप्रकाराचा पूर्वेतिहास आणि दाराच्या कडांना उरलेला जुना रंग यांवरून ते कळते.

अपघातातील व पुरातील गाड्या

ठोकलेली गाडी डेंटिंग-पेंटिंगनंतर नव्यासारखी दिसते. पुट्टी भरलेल्या भागावर साधे लोहचुंबक नीट धरत नाही, आणि टिचकीचा आवाज तेथे बदलतो. बोनेट व दारे बसवणाऱ्या बोल्टांचा रंग उडालेला असणे, दोन बाजूंच्या फटी असमान असणे, पुढच्या दोन काचांची वर्षे वेगळी असणे या खुणा पाहाव्यात. किरकोळ ओरखडे रंगवणे आणि वाकलेली चेसिस सरळ करून विकणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारची गाडी पुन्हा अपघात झाल्यास प्रवाशांना पुरेसे संरक्षण देत नाही.

विमापत्रावरील ‘नो क्लेम बोनस’ हाही एक दुर्लक्षित पुरावा आहे. दावा न केलेल्या प्रत्येक वर्षानंतर ही सवलत वाढत जाऊन पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचते. ‘एकही ओरखडा नाही’ असे सांगितलेल्या सहा वर्षांच्या गाडीवर ही सवलत शून्य असेल, तर मध्ये दावा झाला आहे किंवा विमा खंडित झाला होता. ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे, त्यामुळे ती ग्राहकाकडे येत नाही.

पुरात बुडालेल्या गाड्या दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जातात, कारण पूर आलेल्या गावात त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. २००५ मधील मुंबईचा जलप्रलय, २०१९ मधील कोल्हापूर-सांगलीचा आणि जुलै २०२१ मधील चिपळूण-महाडचा पूर या प्रत्येक वेळी मोठ्या संख्येने मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचे इंजिन धुऊन सुरू करता येते, पण वायरिंग आणि सेन्सर पुढे महिनोन्महिने एकेक करून निकामी होत जातात. आसनाखालच्या लोखंडी रुळांवरील गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर तळाशी दिसणारा गाळाचा पट्टा आणि उग्र अत्तराने झाकलेला कुबट वास ही तिची लक्षणे होत. काळ्या मातीच्या मुलखातच चालल्याचे सांगितलेल्या गाडीच्या सांधींत तांबडी माती सापडली, तर ती कोठून आली हे विचारण्यास हरकत नाही.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांमागे निराळे कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाचे २०१४ व २०१५ मधील आदेश आणि ऑक्टोबर २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांमुळे राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली आणि त्या इतर राज्यांत जाऊ लागल्या. गाडी वाईटच असते असे नाही. परंतु मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर यांचा खर्च विक्रेता सांगत नाही, आणि प्रमाणपत्र नसलेली गाडी एमएच क्रमांकावर येतच नाही. तसेच खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते व त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५,००० रुपये झाले. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर काही वेळा यातच असते.

जाहिरातींवरील फसवणूक

ऑनलाइन जाहिरातीत विक्रेता स्वतःला सैन्यातील जवान म्हणवतो, बदली झाल्याने गाडी निम्म्या भावात द्यायची असल्याचे सांगतो आणि ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो. वाहतूक खर्च, गेटपास, विमा अशा नावांनी एकामागून एक रकमा मागितल्या जातात. गाडी अस्तित्वातच नसते. असे घडल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

दाद मागण्याचे मार्ग

वस्तू विक्री अधिनियम १९३० च्या कलम १६ प्रमाणे माल पारखून घेण्याची जबाबदारी सामान्यतः ग्राहकाची असते. कलम २७ प्रमाणे मात्र विक्रेत्याकडे नसलेली मालकी तो ग्राहकाला देऊ शकत नाही. चोरीची गाडी अजाणता घेणाऱ्यालाही ती परत करावी लागते, आणि पैशासाठी विक्रेत्यामागे जाणे एवढाच मार्ग उरतो.

व्यापारी विक्रेत्याविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. अमरावती व अकोला येथे असे आयोग आहेत. ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येत असल्याने पुणे किंवा नागपूरच्या विक्रेत्यासाठी तेथे जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील असणे बंधनकारक नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःची घरगुती गाडी विकली असेल तर ती व्यापारी ठरत नाही. अशा प्रकरणात दिवाणी न्यायालय किंवा पोलीस हाच पर्याय राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीने मालमत्ता मिळवण्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

या सर्व मार्गांवर पुरावा लागतो, आणि व्यवहार रोखीने व तोंडी झालेला असेल तर तोच हाती नसतो. बयाण्याची पावती, जाहिरातीचे छायाचित्र, विक्रेत्याशी झालेले संदेश आणि मीटरवरील आकड्यासह लिहून घेतलेला करार ही कागदपत्रे अशा वेळी निर्णायक ठरतात. करारात ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द विक्रेता आवर्जून घालतो; त्याच ओळीखाली किलोमीटर, अपघात व कर्ज यांविषयीची त्याची विधाने लिहून त्याची सही घेतल्यास ती विधाने पुढे नाकारणे त्याला कठीण जाते.